उपाशीपोटीची साखर

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या समाजमंदिरात शुगर-बीपी तपासणीचं शिबिर होतं. मी आत्याला घेऊन गेलो. सकाळचे साडेसात, पायरीवर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर रांग. तपासणाऱ्या बाईंनी आत्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला, यंत्रातला आकडा बघितला आणि कपाळाला आठी घातली. १६८.

'मावशी, उपाशीपोटी या म्हणून निरोप दिला होता ना?'

'उपाशीच हाय की.'

'रात्री काय खाल्लं?'

'दिवेलागणीला अर्धी भाकर अन् येसराची आमटी.'

'त्याच्यावर?'

'काईच नाही, माय. पानी पेले.'

'मग ही साखर काय आभाळातून पडली?'

रांगेतले चौघे-पाच जण हसले. आत्याही हसली. पण घरी येताना ती माझ्या मागं चार पावलं राहून चालत होती. वेशीपाशी आल्यावर म्हणाली, 'मी चोरून खाते आसं वाटलं का रे त्यान्ला?'

आत्याचं वजन त्रेचाळीस किलो. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेली बाई. तिच्या घरात साखरेचा डबा पाहुणा आला तरच निघतो. त्या बाईंचा मला राग आला हे खरं. पण राग ओसरल्यावर वाटलं की प्रश्न लाखमोलाचा होता, फक्त त्यांनी तो उत्तर शोधायला विचारला नव्हता, आरोप म्हणून विचारला होता. रात्रभर पोटात काही गेलं नाही, तर सकाळी रक्तात साखर आली कुठून? याचं उत्तर आपल्या आरोग्य खात्यानं नीट मनावर घेतलं, तर मराठवाड्यातली शुगरविरोधातली सगळी मोहीमच वेगळ्या दिशेनं न्यावी लागेल, असं माझं म्हणणं आहे.

आमच्याकडं धान्य ठेवायच्या तीन जागा असत. रोजच्या दळणाचा डबा, घरात शेणामातीनं लिंपलेली कणगी, आणि जमिनीत खणलेलं पेव. डबा रोज उघडायचा. कणगी डबा रिकामा झाला की. पेव मात्र उगीच उघडत नसत. त्याला माणसं गोळा करावी लागत, तोंड मोकळं करून आतला कोंडलेला वायू जाऊ द्यावा लागे, घाईनं उतरलेला माणूस आत गुदमरून मेल्याच्या गोष्टी जुनी माणसं अजून सांगतात. शरीराचा कारभार हुबेहूब असाच आहे.

रक्तातली साखर म्हणजे डबा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, चहाचा एक चमचा. एवढ्याशा साखरेवर मेंदू चालतो, म्हणून डबा रिता होऊन चालत नाही आणि उतू जाऊनही चालत नाही. कणगी म्हणजे ग्लायकोजेन, ग्लुकोजचे हजारो दाणे फांद्याफांद्यांनी एकमेकांत गुंफून केलेला साठा. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५७ साली तो यकृतातून वेगळा काढला. यकृतात शंभरेक ग्रॅम आणि स्नायूंत चारशेच्या आसपास, एवढाच हा माल. पण स्नायूंच्या कणगीला बाहेरच्या बाजूनं तोंडच नाही. मांडीतल्या स्नायूनं साठवलेली साखर मांडीच वापरणार, ती परत रक्तात सोडायला लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडं नसतं. गावाला वाटून खायचं काम एकट्या यकृताचं.

शिवाय ही कणगी ओली असते. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. नवरात्रात कडक उपवास धरणाऱ्यांचं वजन पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्यानं उतरतं ते याच पाण्यामुळं. तुळजापूरला चालत जाणारे भाविक पाचव्या माळेला 'तीन किलो उतरलो' म्हणतात, त्यातली चरबी किती हे आई भवानीलाच ठाऊक. आणि ज्यांचा उपवास साबुदाण्याच्या खिचडीवर आणि भगरीवर चालतो, त्यांची तर कणगी उघडायचीच वेळ येत नाही. उपवासाच्या नावानं पिष्टमय पदार्थांची दुप्पट पेरणी होते. असो.

आता पेव. पेव म्हणजे चरबी. रक्ताच्या रिपोर्टवर 'ट्रायग्लिसराइड' असा एक आकडा असतो. लोक त्याला कोलेस्टेरॉलचा भाऊ समजून पुढं जातात. त्या शब्दाची फोड साधी आहे: ग्लिसरॉलचा एक रेणू आणि त्याला बांधलेली मेदाम्लांची तीन शेपटं. हे ग्लिसरॉल म्हणजे तेच, जे आत्याच्या कोनाड्यात छोट्या बाटलीत असतं आणि थंडीत टाचांच्या भेगांना ती लावते. ग्लिसरीन. बोटाला लागलेलं चाटून बघा, गोड लागतं. शीले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाला अठराव्या शतकात ते ऑलिव्हच्या तेलातून मिळालं, तेव्हा त्यानंही त्याच्या गोडव्याचीच नोंद केली. साबणाच्या कारखान्यात चरबीपासून साबण वेगळा काढला की मागं हेच उरतं. (नावानं आणि रूपानं याच्याशी मिळतंजुळतं असलेलं डायएथिलिन ग्लायकॉल मात्र विष आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधल्या त्याच्या भेसळीनं चौदा माणसं गेली आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. तो वेगळ्या लेखाचा विषय.)

पेवातल्या मालाची खोच अशी, की मेदाम्लांच्या शेपटांपासून आपलं शरीर साखर बनवू शकत नाही. ती जाळून ऊर्जा मिळते, पण साखर नाही. साखर बनते ती फक्त ग्लिसरॉलची. चरबीच्या वजनातला त्याचा वाटा साधारण एक दशांश. म्हणजे दहा पायली ज्वारीच्या पेवातून दळणापुरती एकच पायली हाती यायची. माणूस उपाशी राहिला की यकृतातली कणगी एका दिवसात तळाला जाते, मग यकृत हे ग्लिसरॉल, स्नायूंतून येणारं लॅक्टेट आणि मोडलेल्या प्रथिनांचे तुकडे गोळा करतं आणि नवी साखर घडवतं. दुष्काळात माणसं महिनोन् महिने तग धरतात, त्यांचा मेंदू चालू राहतो, तो या कारागिरीवर आणि यकृत मेदाम्लांपासून जे कीटोन नावाचं इंधन बनवतं त्यावर.

मग आत्याच्या रक्तातली १६८ कुठून आली? घरातल्या कर्त्या बाईच्या कंबरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. शरीरात तो इन्सुलिनच्या कंबरेला असतो. जेवण झालं की कणग्या भरा, पेव बंद करा, यकृताला सांगा आता नवी साखर नको, हे सगळे हुकूम त्याचे. मधुमेहात एक तर कर्तीच थकलेली असते किंवा घरात कुणी तिचं ऐकत नाही, बहुधा दोन्ही. मग पेवाचं तोंड रात्रंदिवस किलकिलं राहतं. मेदाम्लं आणि ग्लिसरॉल झिरपत राहतात, यकृत मेदाम्लं जाळून त्या ऊर्जेवर इमानानं ग्लिसरॉलची साखर घडवत बसतं, पहाटे अंगात वाढणारी कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं त्याला आणखी पुढं रेटतात. आत्या झोपलेली असते आणि तिचं यकृत रात्रपाळी करत असतं. सकाळची साखर तिनं खाल्लेली नाही, तिच्या शरीरानं बनवलेली आहे. चोरी झालीच असेल तर ती घरातल्या घरात झाली आहे.

हे लांबण लावायचं कारण असं की आपल्याकडची शुगरची सगळी भाषा खाणाऱ्याला दोषी धरणारी आहे. भिंतीवर रंगवलेले फलक बघा: साखर टाळा, वजन घटवा, व्यायाम करा. शहरातल्या ढेरपोट्या माणसाला हे लागू पडेल. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनं भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आणि साडेतेरा कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज दिला, ते सगळे काही पेढे खाऊन तिथं पोचलेले नाहीत. घनसावंगी, केज, निलंगा या तालुक्यांत माझ्या माहितीतले जे शुगरवाले आहेत, त्यातले निम्मे हडकुळे आहेत. त्यांना वजन घटवा म्हणून सांगणं ही थट्टा आहे.

हडकुळ्या माणसाला शुगर का होते, याचं एक मोठं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळाचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळाचं ३.५ किलो. पण तुटीचा फटका सगळीकडं सारखा नव्हता. स्नायू आणि आतले अवयव बरेच कमी, कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं राखलेली. अर्धपोटी आईच्या गर्भात बाळाचं शरीर हिशेब करतं: पेव ठेवू, कणग्या लहान करू. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा एरवी स्नायूच उचलतात. जन्मतःच कणगी लहान असेल तर पुढं पोटभर भात मिळायला लागला की तो ठेवायचा कुठं? रक्तात राहतो, नाहीतर यकृतात चरबी होऊन बसतो.

नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळं उपासमार झाली. तेव्हा आईच्या पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी केली, तर त्यांच्या शरीराला साखर पेलण्याचं काम इतरांपेक्षा जड जात असल्याचं दिसलं. ती उपासमार काही महिन्यांची होती.

आमचा बहात्तरचा दुष्काळ त्याहून लांबला. सलग तीन पावसाळे हुकले आणि १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास पन्नास लाख माणसं दुष्काळी कामावर होती. पुढं रोजगार हमी कायदा आला तो याच अनुभवातून. आमच्या गावाला जोडणारा रस्ता तेव्हाचा, गावामागचा पाझर तलाव तेव्हाचा. आजी त्या रस्त्यावर खडी फोडायला होती. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी, तिची भाकरी थापताना तुटायची, आणि कामावर खायला मिळणारी कोरडी सुकडी, हे ती मरेपर्यंत सांगायची. त्या वेळी तिच्या पोटात आत्या होती.

आज ही पिढी पन्नाशी ओलांडलेली आहे. शुगर वर यायचं नेमकं वय. आणि सरकार तिला शोधतंय कसं? आशाताई घरोघर जाऊन तिशीच्या पुढच्या माणसांचा एक तक्ता भरतात. वय किती, तंबाखू-दारू आहे का, कंबरेचा घेर किती, आठवड्याला दीडशे मिनिटं अंगमेहनत होते का, आईबापाला शुगर-बीपी होतं का. प्रत्येकाला गुण, आणि जास्त गुणवाल्यांना आधी तपासणीला धाडायचं. कंबर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असलेल्या बाईला घेराच्या रकान्यात शून्य. रानात राबते, म्हणून मेहनतीच्या रकान्यातही शून्य. आईबापाची कधी तपासणीच झाली नाही, म्हणून तिथंही शून्य. तक्ता वाईट नाही, आशाताई तर मुळीच नाहीत, पण तो ज्या शरीरासाठी आखलेला आहे ते आमचं नाही. 'दुष्काळात जन्म झाला का?' हा एक प्रश्न त्यात घालायला काही खर्च येत नाही. अंबाजोगाईला ग्रामीण भागासाठीच काढलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथंही आहेत. बहात्तर-त्र्याहत्तरच्या बाळांचा माग काढायला याहून जवळची जागा कुठली?

मला माहीत आहे, कुणी म्हणेल की झालं ते झालं, पोटातलं कुपोषण आता थोडंच भरून येणार? पण ते झालेलं नाही, चालू आहे. दसरा झाला की बीड, जालना, धाराशिवमधून ट्रॅक्टर भरभरून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादमाकडून उचल घेतलेली. त्यातल्या कितीतरी बाया गरोदर असतात. पहाटे तीन-चारला उठायचं, भाकरी थापायच्या, फडात जायचं, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत टाकायच्या. गरोदरपणात शरीर उपास फार लवकर धरतं. रात्रीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी दुपार झाली तर साध्या बाईच्या मानानं तिची कणगी किती तरी आधी रिकामी होते आणि पेव उघडावं लागतं, कारण डब्यातली साखर आधी बाळाची असते. तिनं तोडलेल्या उसाची साखर पोत्यात भरली जात असते, आणि तिच्या पोटातल्या लेकराचं शरीर साखर ठेवायची जागा कमी करत असतं. तीस वर्षांनी ते लेकरू शिबिराच्या रांगेत बसेल आणि त्याला कुणीतरी विचारेल, रात्री काय खाल्लं?

आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांसाठी महाराष्ट्रात अमृत आहार योजना आहे. अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण. तीच योजना कोयत्यावरच्या गरोदर बाईच्या मागोमाग कारखान्याच्या तळापर्यंत गेली पाहिजे. गावातल्या अंगणवाडीत तिचं नाव असून उपयोग काय, ती सहा महिने गावात नसते. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडं गाळपाचा टनाटनाचा हिशेब आहे. एक भांडं भात-वरण-भाजी-अंड्याचं कोपीपर्यंत, म्हणजे तळावरच्या झोपडीपर्यंत, नेणं या दोघांना जमणार नाही हे मला पटत नाही. मधुमेहाच्या औषधांवर जो खर्च पुढं होणार आहे त्याच्यासमोर हे काहीच नाही.

रेशनचंही तेच. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. त्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो असं लिहिलेलं आहे, आता तर सगळं फुकट. ज्वारी कायद्यात आहे, दुकानात मात्र अधूनमधून उगवते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोती दिली, लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती दिली. २०२३ हे भरड धान्य वर्ष म्हणून गाजावाजाही झाला. आणि ज्वारीच्या शिवारात सोयाबीन उभं राहिलं, आमच्या ताटात फुकटचा तांदूळ.

इथं एक कबुली द्यायला हवी. ज्वारी हे औषध नाही. 'शुगर आहे ना, मग भाकरी कितीबी खा' असं सांगणारे खेडोपाडी फार झालेत. भाकरीतही पिष्टच आहे, चार भाकरी खाल्ल्या तर कणगी तेवढीच भरणार. फरक आहे तो कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा, सोबतच्या पातळ वरणाचा आणि मुठीभर शेंगदाण्याचा, ज्यानं साखर हळूहळू रक्तात उतरते. मला ज्वारी हवी ती डाळीच्या जोडीनं. नुसती ज्वारी देऊन टाळ्या घेणं नको. तसंच दिवसातून दोनदाच जेवायच्या लाटेचं. शहरातल्या भरल्या पोटाला तिचा फायदा होत असेल, पण एकच वेळ धड जेवणाऱ्या मजुराला ती सांगणाऱ्यांनी आधी त्याच्या डब्यात डोकावावं.

आत्याच्या वयाच्या माणसाच्या हातात उरतो तो स्नायू. कणगी मोठी करता येते, आणि काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या किल्लीवाचूनही रक्तातली साखर आत ओढून घेतो. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाललं तरी आकड्यात फरक दिसतो. पण ज्या हातांनी खुरपणी केली त्यांचं काम आता तणनाशकाचा पंप करतो, कापणीला हार्वेस्टर येतो, आणि आत्या दिवसभर ओट्यावर बसून असते. पन्नाशीनंतर बसून राहिलेल्या शरीरातले स्नायू दरसाल झिजतात. पहाटे फिरायला जा म्हटलं तर म्हणते, 'बाईमाणूस रिकामं हिंडलं की लोक इचारतेत, कुठं चालली?' गावात बायांना चालायला जागा आणि निमित्त दोन्ही हवं, हे आरोग्याच्या योजनेत कुठल्या रकान्यात बसतं?

गेल्या महिन्यात परत शिबिर झालं. या वेळी आत्या येईना, महत्प्रयासानं आणली. तपासणाऱ्या बाई दुसऱ्या होत्या, मवाळ. त्यांनी रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं आणि विचारलं, 'मावशी, जन्मतारीख?'

'तारीख कुनाला ठावं. सुकडी मिळायची तव्हाचा.'

बाईंनी पेन थांबवलं, माझ्याकडं बघितलं. मी काही बोलायच्या आत त्यांनी आधार कार्ड मागून घेतलं आणि त्यावरची तारीख उतरवून घेतली. १ जून. आमच्या गावात निम्म्या लोकांची तीच आहे.